रताळं घशात अडकू नये म्हणून: कोरियन रोमान्स वेबटूनमधली अडखळणारी नायिका कशी लिहावी

वेबटून म्हणजे फोनवर खाली सरकवत वाचायची चित्रकथा. ती वाचणाऱ्या कोरियन वाचकांकडे एक नेमका शब्द आहे: 'कोगुमा', म्हणजे रताळं. नायिका बोलायचं ते बोलत नाही, गैरसमज भागामागून भाग ताणला जातो आणि वाचणाऱ्याचा जीव घुसमटतो, तेव्हा ते लिहितात, शंभर रताळी खाल्ल्यासारखं झालं. उकडलेलं कोरडं रताळं पाण्याशिवाय घशात कसं बसतं हे एकादशी धरणाऱ्याला सांगायला नको. याच्या उलट 'साइदा', म्हणजे लिंबाच्या चवीचं गार सोड्याचं पेय. नायिका एकदाची तोंड उघडते आणि घसा मोकळा होतो, तो क्षण साइदा.

रताळ्याच्या भीतीने बरेच नवे लेखक नायिकेला फाडफाड बोलायला लावतात. मग ती खरी वाटत नाही. खरी माणसं अडखळतात, विषय बदलतात, 'काही नाही' म्हणतात. नायिका गप्प बसली म्हणून वाचक चिडत नाही. ती का गप्प बसली हे त्याला दिसत नाही, तेव्हा तो चिडतो. म्हणून लिहिण्याची सगळी मेहनत त्या 'का'वर घ्यायची.

इथे धरलेली गोष्ट आजच्या सोलमधली, नोकरी करणाऱ्या मुलीची आहे. पटकथा मराठीत लिहून चित्रकाराला द्यायची असो की कोरियन संवाद मराठीत आणायचे असोत, पद्धत एकच. समजावण्यासाठी दोन काल्पनिक माणसं घेऊ. सुजिन, वय २९, मूळची बुसानची, सोलमधल्या मध्यम आकाराच्या कंपनीत 'देरी', म्हणजे नवख्या कर्मचाऱ्याच्या एक पायरी वर. आणि जिहून, वय ३२, शेजारच्या टीममधला 'ग्वाजांग', म्हणजे देरीच्याही वरचा.

१. बोलली तर तिचं काय जाईल, हे आधी ठरवा

'लाजाळू आहे', 'अबोल आहे', 'मनातलं सांगता येत नाही' ही कारणं नाहीत, लक्षणं आहेत. लक्षणावर गोष्ट उभी केली की तिसऱ्या-चौथ्या भागात ती कोरडी पडते, कारण मग नायिका सगळ्यांसमोर सारखीच गप्प राहते आणि वाचकाला तिच्याबद्दल नवं काही कळत नाही.

एक कागद घ्या आणि डावीकडे पाच माणसं लिहा: आई, जुनी मैत्रीण, टीमचा प्रमुख, जिहून आणि घराखालच्या दुकानातला विक्रेता. प्रत्येकासमोर तीन गोष्टी भरा. त्या माणसाशी ती कशी बोलते, काय कधीच बोलत नाही, आणि बोलली तर काय गमावेल.

सुजिनचा कागद असा भरता येईल. आईशी फोनवर ती बुसानच्या बोलीत मोठमोठ्याने, आईचं वाक्य तोडून बोलते. पण ऑफिसातला ताण आईला सांगत नाही, कारण सांगितलं तर 'परत ये' ऐकावं लागेल. प्रमुखासमोर ती झटपट होकार देते. विक्रेत्याशी हसून दोन शब्द बोलते. जिहूनसमोर मात्र तिची वाक्यं अर्ध्यावर तुटतात, कारण याच ऑफिसात तिचं एक प्रेम आधी जमलं आणि मोडलं. त्यानंतरची कुजबुज तिने वर्षभर ऐकली. नोकरी सोडायची सोय नाही, दर महिन्याला खोलीचं भाडं आहे.

पाचपैकी किमान एका माणसाशी ती मोकळं, सुंदर बोललीच पाहिजे. ते दृश्य पहिल्या तीन भागांत दाखवा. ती बोलू शकते हे वाचकाने एकदा पाहिलं की जिहूनसमोरचं तिचं गप्प बसणं 'स्वभाव' राहत नाही, ती त्या क्षणी केलेली निवड ठरते. बुसानची बोली इथे फार उपयोगी पडते. सोलमध्ये आल्यावर बरेच जण गावाकडची बोली झाकून प्रमाण भाषा बोलतात, आणि राग आला की ती बोली बाहेर पडते. नागपूरच्या मुलीचं पुण्यात 'करून राहिली' तोंडून निसटतं, तसंच. मराठीत लिहिताना मात्र बुसानच्या बोलीला वऱ्हाडी किंवा मालवणी बनवू नका, वाचक एकदम सोलमधून उठून दुसरीकडे जाईल. वेग, आवाजाची अक्षरं आणि तुटक क्रियापदं एवढ्यावर काम भागवा, आणि शेजारच्या पात्राच्या चेहऱ्यावर आश्चर्य दाखवा.

कारण नीट बसलंय का हे तपासायला ते एका वाक्यात लिहा. 'ती बोलत नाही, कारण' याच्या पुढे एखादा माणूस, जागा किंवा पैसा आला पाहिजे. 'तिला भीती वाटते' आलं, तर कागद परत भरायला घ्या.

२. तीन रकाने: काय म्हणाली, काय म्हणाली नाही, त्याने काय ऐकलं

या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. संवादाच्या प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यासाठी तीन रकाने आखा. पहिल्यात तिचं बोललेलं वाक्य. दुसऱ्यात न बोललेलं वाक्य, पण पूर्ण, पूर्णविरामासकट. 'तिला वाईट वाटतं' असली नोंद चालणार नाही, तोंडातून येऊ शकलं असतं असंच वाक्य हवं. तिसऱ्यात समोरच्याने त्यातून काढलेला अर्थ.

कोरियनमध्ये यासाठी एक शब्द तयारच आहे: 'ग्वेन्चानायो'. 'चालेल', 'ठीक आहे', 'मी बरी आहे', 'काळजी करू नका' आणि 'नको, राहू द्या' हे सगळे अर्थ त्या एका शब्दात मावतात. कोणता अर्थ घ्यायचा ते सुरावर, चेहऱ्यावर आणि प्रसंगावर ठरतं. आपल्या 'असू दे'सारखाच तो स्वीकारही असतो आणि नकारही.

एक प्रसंग जवळून बघू. संध्याकाळी सात, पाऊस, ऑफिसचं काचेचं दार. जिहूनकडे छत्री आहे, सुजिनकडे नाही. तिच्या मागे टीममधले दोघं बूट पुसत उभे आहेत.

तो म्हणतो, "मेट्रोपर्यंत येताय?"

पहिला रकाना: "ग्वेन्चानायो."

दुसरा रकाना: "यायचं आहे. पण ते दोघं बघतायत, आणि उद्या सकाळी सगळ्या मजल्यावर आपली छत्री झालेली असेल."

तिसरा रकाना: "तुमच्याबरोबर नको."

तो मान हलवून निघतो. ती चार मिनिटं थांबते, कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकची छत्री घेते आणि फलाटावर पोचते. गाडी अजून आलेली नाही. जिहून तिथेच आहे. त्याला दिसते तिच्या छत्रीच्या मुठीवरची ओली किंमत-चिठ्ठी, न सोललेली.

ती चिठ्ठी या प्रसंगातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. गैरसमजाला नुसता शब्द पुरत नाही, पुरावा लागतो, आणि पुरावा चित्रात दिसला पाहिजे. पैसे देऊन छत्री घेतली, पण माझ्याबरोबर चार पावलं आली नाही, हा जिहूनचा निष्कर्ष चुकीचा आहे पण मूर्खपणाचा नाही. वाचकाला दोघांचीही बाजू पटते. समोरचा शहाणा राहून चुकतो, तेव्हाच अडखळणारी नायिका सहन होते. त्याला बावळट केलं तर ती गप्प बसण्यात वेळ घालवते आहे असंच वाटणार.

तिन्ही रकाने सारखे निघाले, तर त्या वाक्यात संवादाची अडचण नाहीच. ते वाक्य छोटं करा किंवा काढा. आणि तिसरा रकाना भरताच येत नसेल, तर तुम्ही तिच्याच डोक्यात बसून लिहिताय, समोरच्याच्या डोक्यात एकदाही शिरला नाहीत.

३. आदर, पदं आणि 'तू'पर्यंतचा रस्ता

कोरियनमध्ये क्रियापदाचा शेवटच नातं सांगतो. सादरीकरणात, सूचनेत, पहिल्या भेटीत 'सुम्निदा'चा औपचारिक शेवट. रोजच्या सभ्य बोलण्यात 'यो'. जवळच्यांत दोन्ही गळतात आणि उरतो 'पान्माल', म्हणजे अरे-तुरे. 'यो' गळणं ही गोष्टीतली घटना असते, तिला स्वतःचं पॅनेल, म्हणजे स्वतंत्र चित्र, मिळालं पाहिजे. वय कळलं की लोक विचारतात, 'आता बोलणं खाली ठेवायचं का?' बोलणं खाली ठेवणं म्हणजेच आदराचे शेवट सोडणं. लहान माणूस मोठ्याला 'तुम्ही माझ्याशी मोकळं बोला' म्हणून परवानगी देतो. कित्येकदा मोठा अरे-तुरेवर येतो आणि लहान 'यो'वरच राहतो.

हे मराठीत आणताना एक सापळा आहे. तो 'तू' आणि ती 'तुम्ही' असं सरळ लिहिलं की मराठी कानाला जुन्या काळचं 'अहो' ऐकू येतं आणि सुजिन नायिकेऐवजी बायको वाटू लागते. यावर उपाय पदाचा. कोरियन माणूस समोरच्याला 'तुम्ही' क्वचितच म्हणतो, नाव किंवा पदच वापरतो. म्हणून 'तुम्ही जेवलात का?' ऐवजी 'ग्वाजांग-निम, जेवण झालं?' असं लिहा. 'निम' म्हणजे आदराचं 'साहेब' किंवा 'जी'. सर्वनाम गळतं, अंतर राहतं, ऑफिसचा वासही टिकतो. जेवणाची ही चौकशी आपल्याकडच्यासारखीच तिथेही काळजीची भाषा आहे, त्यामुळे ती मराठीत अडत नाही. काही कंपन्यांनी पदं बाजूला ठेवून सगळ्यांना नावापुढे 'निम' लावायची पद्धत घेतली आहे. तुमची कंपनी कोणती ते पहिल्या भागाआधी ठरवा आणि मग बदलू नका.

सुजिनसाठी हाकेची पायरी आखून ठेवा: 'ग्वाजांग-निम', मग ऑफिसबाहेर 'जिहून-स्सी', म्हणजे नावाला जोडलेलं साधं सभ्य संबोधन, मग नुसतं वाक्य, हाक नाहीच, आणि कदाचित शेवटी 'ओप्पा', म्हणजे मुलीने वयाने मोठ्या, जवळच्या पुरुषाला मारायची हाक. ती 'ओप्पा' म्हणायचं टाळते आहे हे वाचकाला दिसू द्या. हाक न मारता लक्ष कसं वेधायचं हा तिच्यासमोरचा खरा, रोजचा प्रश्न आहे: बाही ओढणं, खोकणं, त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहणं. तीन-चार भाग एवढ्यावर आरामात चालतात.

आता सर्वांत नाजूक जागा. 'जोआहेयो' म्हणजे आवडतं. त्यात कर्ता नाही, कर्म नाही, लिंग नाही. जिहून विचारतो, 'इथली कॉफी?' ती त्याच्याकडे बघत म्हणते, 'जोआहेयो.' कॉफी की तो, हे भाषा सांगत नाही, आणि ती त्या झाकणाखाली पहिल्यांदा खरं बोलून घेते. मराठीत ही सोय नाही, कारण आपलं क्रियापद आवडलेल्या वस्तूच्या मागे जातं. 'आवडते' म्हटलं तर कॉफी, 'आवडता' म्हटलं तर समोर बसलेला ग्वाजांग, आणि शेवटच्या अक्षरात सगळं उघडं. यातून तीन वाटा आहेत. नामाकडे वळा: 'माझी आवड.' नाहीतर प्रश्नातली वस्तूच बदला: कॉफीऐवजी 'हा कोपरा?' किंवा 'असा पाऊस?' घ्या, मग उत्तर 'आवडतो' येतं आणि तृतीय पुरुषात तो कोपराही असतो आणि ज्याच्याकडे ती बघते आहे तोही. तिसरी वाट म्हणजे वाक्य तोडा, 'आवड...' वर संवादाचा फुगा संपवा आणि पुढचं पॅनेल त्याच्या हातातल्या कपाचं करा. दुसरी वाट सर्वांत चांगली, कारण वाक्य पूर्ण होतं आणि तरी ती सापडत नाही. एरवी मराठी क्रियापद गुपित फोडतं. इथे तेच गुपित राखतं.

४. फोनवरचं बोलणं

सोलमधल्या नायिकेचं अर्धं बोलणं काकाओटॉकवर होतं. हे ॲप २०१० मध्ये आलं, त्यामुळे गोष्ट त्याआधीची असेल तर साधे एसएमएस लिहा. नेहमीचा पडदा फिकट निळा, स्वतःचा मेसेज पिवळ्या फुग्यात, समोरच्याचा पांढऱ्यात. न वाचलेल्या मेसेजशेजारी छोटा पिवळा '१' असतो, आणि समोरच्याने उघडलं की तो जातो.

व्हॉट्सॲपची सवय असलेले मराठी लेखक इथे घसरतात. व्हॉट्सॲपवर खूण निळी होते, काकाओवर खूण नाहीशी होते. नाहीसं होणं एका चित्रात दिसत नाही. त्यासाठी दोन पॅनेल हवीत: एकाच कोनातून, सगळं तेच, फक्त '१' नाही. मध्ये तिचा चेहरा घातला तर वाचकाचं लक्ष उडतं आणि फरक हुकतो. चेहरा तिसऱ्या पॅनेलला.

वाचून उत्तर न देणं याला तिथे वेगळा शब्द आहे, आणि न उघडता टाळणं याला आणखी वेगळा. दोन्हींचा घाव वेगळा असतो. पहिल्यात निदान त्याने वाचलं हे तरी कळतं. दुसऱ्यात ती तासन् तास '१'कडे बघत राहते, आणि त्याने सूचनेच्या पट्टीतच मेसेज वाचून ठेवला असेल ही शंका तिला पोखरते. नायिका स्वतःही हेच करते हे दाखवा. पट्टीतून वाचायचं, '१' तसाच ठेवायचा, आणि उत्तर तयार झाल्यावरच उघडायचं.

गटातल्या गप्पांत आकडा सहा जणांच्या गटाला '५' पासून सुरू होतो आणि वाचले जातील तसा खाली येतो, पण कोणी वाचलं ते सांगत नाही. सुजिन दोन्ही टीमच्या अशा गटात एक प्रश्न टाकते. ५, ३, २, १. तो '१' रात्रभर राहतो आणि ती ठरवून टाकते की हा जिहूनच. सकाळी कळतं, टीमचा प्रमुख लवकर झोपला होता. यात कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी कट केलेला नाही, आणि तरी तिची एक रात्र गेली. चांगल्या गैरसमजाची ही मोजपट्टी धरा.

होकाराच्या छटाही आहेत. नुसतं 'ने' म्हणजे हो, पण लिहून पाठवलं की कोरडं वाटतं. म्हणून नोकरदार 'नेप' लिहितात: तत्पर, टाचा जुळवल्यासारखं. या सवयीला तिथले लोक 'नेप'चा आजारच म्हणतात. सुजिन प्रमुखाला दिवसाला वीस वेळा 'नेप' पाठवते, आणि जिहूनच्या 'उद्या जेवायला?'लाही बोटांच्या सवयीने 'नेप' जातं. त्याला वाटतं, हिने माझा हुकूम मानला. मराठीत हे 'हो.', 'हो हो', 'होऽ' आणि 'हो सर' यांच्या फरकाने बसवता येतं, फक्त पूर्णविराम मुद्दाम वापरा. हसण्याचं अक्षर तिथे मोजून लिहिलं जातं: एकटं अक्षर थंड किंवा टोचणारं, तीन-चार असली की हसू. 'हा', 'हाहा' आणि 'हाहाहाहा' हे भाषांतर पुरतं.

एका पडद्यात सहापेक्षा जास्त मेसेज दाखवू नका. टाइप करून पुसलेला मजकूर दाखवायचा असेल तर तो खालच्या लिहिण्याच्या चौकटीत, कर्सरसकट दाखवा, वरच्या फुग्यात नाही. पुसलेली तीन वाक्यं आणि शेवटी गेलेलं 'नेप', एवढ्यात सबंध प्रसंग होतो. तीनांपेक्षा जास्त पुसली की ती खेळते आहे असं वाटू लागतं.

५. शांततेची उंची मोजा

वेबटून खाली सरकवत वाचतात, त्यामुळे शांतता म्हणजे अक्षरशः उंची. ८०० पिक्सेल रुंद पानावर काम करत असाल तर उभ्या फोनच्या एका पडद्यात साधारण १,७०० पिक्सेल उंची दिसते. त्यावर हे अंतर चालतं: वाहत्या संवादात दोन पॅनेलमध्ये १०० ते १५० पिक्सेल. एक श्वास थांबायला ३०० ते ४००. तिने उत्तर द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, तिथे ७०० ते ९००, म्हणजे अर्धा पडदा. स्थळ-काळ बदलायला १,००० च्या पुढे. सबंध पडदा पांढरा सोडलात तर चित्र उघडलं नाही असं वाटून वाचक बोट जोरात फिरवतो आणि तुमची शांतता उडते. म्हणून मोठ्या अंतरात काहीतरी बारीक ठेवा: पावसाची एक रेघ, कपावरची वाफ.

अर्ध्या पडद्याची शांतता एका भागात एकदाच, फार तर दोनदा. साठ-सत्तर पॅनेलच्या भागात ती पाच वेळा आली की किंमत उरत नाही.

मराठी अक्षरांसाठी वेगळी काळजी लागते. वर वेलांटी, रफार आणि खाली उकार असल्याने ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. ८०० रुंदीवर अक्षर ३० ते ३४ पिक्सेल. एका फुग्यात चार ओळी, एकूण १५-१६ शब्द, त्यापेक्षा जास्त नको. तिचं तुटलेलं वाक्य एकाच फुग्यात टिंबांनी तोडण्यापेक्षा दोन फुग्यांत तोडा आणि मधली शेपटी लांबवा. टिंबांचा पाऊस पडला की सगळी पात्रं एकाच आवाजात पुटपुटतात.

कच्च्या आराखड्याला कोरियन चित्रकार 'कोन्ती' म्हणतात. कोन्ती फोनवरच वाचून बघा, संगणकाच्या पडद्यावर शांततेचा अंदाज चुकतो.

६. मनातला आवाज

नायिका बोलत नाही म्हणून लेखक सगळं मनातल्या चौकटीत ओततात, आणि मग गप्प बसण्याचा अर्थच राहत नाही. २०१० ते २०१७ मध्ये चाललेल्या 'चीज इन द ट्रॅप' या वेबटूनमध्ये नायिका होंग सोल तोंडाने सभ्य राहते आणि मनात समोरच्याबद्दल शंका घेते. मनातलं आणि ओठावरचं यांतली ती फट हीच तिथली गंमत आहे. २०१५ ते २०२० मधल्या 'युमीज सेल्स'मध्ये नायिकेच्या डोक्यातल्या पेशीच आपसात भांडतात, म्हणून मनातला आवाज पुन्हा संवाद बनतो. दोन्हीकडे मनातलं बोलणं चेहऱ्याची नक्कल करत नाही.

चेहऱ्यावर जे दिसतंय ते चौकटीत लिहू नका. डोळे भरलेत आणि चौकट म्हणते 'मला रडू येतंय', तर चौकट काढा. मनातला आवाज चुकीचा असू द्या, कारण माणूस स्वतःलाही फसवतो: 'बरं झालं नाही गेले, बूट भिजले असते.' आणि प्रत्येक भागात किमान एक प्रसंग मनातल्या चौकटीशिवाय लिहा. तिथे वाचक तिच्या नव्हे, जिहूनच्या जागी बसतो.

७. गैरसमज किती ताणायचा

नेव्हर या कोरियन संकेतस्थळावरचं वेबटून आठवड्याच्या ठरलेल्या वारी येतं. पुढचे भाग आधी वाचायचे तर 'कुकी', म्हणजे तिथली आभासी नाणी, विकत घ्यावी लागतात. फुकट वाचणाऱ्यासाठी तीन भाग म्हणजे तीन आठवडे. लेखकाला जो गैरसमज एका बैठकीत लिहून झाला, तो वाचक २१ दिवस घशात धरून बसतो.

म्हणून एक गैरसमज तीन भागांपलीकडे नेऊ नका, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कुणाला तरी एक गोष्ट जास्त कळलेली असू द्या. छत्रीचं घ्या. पहिल्या भागात जिहून चिठ्ठी बघतो. दुसऱ्यात तो दाराशी उभ्या असलेल्या त्या दोघांना गप्पा मारताना ऐकतो आणि त्याला शंका येते की ती त्यांच्यामुळे थांबली असेल. तिसऱ्यात ती बोलते, अर्धवट. साइदा पेलाभर एकदम द्यायचा नसतो, दर भागाला घोटभर द्यायचा.

लेखकाच्या हातात उरलेले स्वस्त पर्याय टाळा: दाराआडून ऐकलेलं अर्धं वाक्य, प्रतिस्पर्धी मुलीचं खोटं, नेमका तेव्हाच संपलेला फोन. यांत तिच्या स्वभावाचा, तिच्या भीतीचा काहीच वाटा नसतो. गैरसमजातून तिचं कारण काढून घेतलं आणि गोष्ट तशीच चालली, तर तो तिचा गैरसमज नाही.

८. ती बोलते तेव्हा

इथे बहुतेकांची नायिका अचानक वक्ता होते. पंधरा भाग अडखळलेली मुलगी एका पानात स्वच्छ, सुरेख, क्रमवार भाषण करते. तसं करू नका. दोघांना समोरासमोर बसवण्यापेक्षा शेजारी बसवा, बसमध्ये किंवा बसथांब्यावर, म्हणजे तिला नजर वळवायला जागा राहते. सुरुवात महत्त्वाच्या गोष्टीपासून होऊ देऊ नका, क्षुल्लक वस्तूपासून होऊ द्या. वाक्यं छोटी. एक चूक. एक परत मागे जाणं.

"ती छत्री मला नको होती."

"कुठली?"

"स्टेशनवरची. विकत घेतलेली. मागे ते दोघं होते ना दाराशी. मी ग्वेन्चानायो म्हणाले, पण ते ग्वेन्चानायो नव्हतं."

"मग काय होतं?"

इथे अर्धा पडदा. बसच्या काचेवरून ओघळणारं पाणी.

"हो होतं."

दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवलेलं वाक्य आता काढून बघा. 'यायचं आहे' तेवढं आलं, उद्या सकाळची भीती अजून आलेली नाही, आणि ती या भागात येऊही नये. जिहूनने इथे मिठी मारू नये, समजूतदार भाषणही देऊ नये. तो 'बरं' म्हणाला आणि पुढच्या थांब्यावर न उतरता बसून राहिला, एवढं बस. दोघंही अजून 'यो'वरच आहेत.

पुढच्या भागासाठी तीन रकाने पुन्हा कोरे घ्या. दोन्ही टीमच्या जेवणात ग्रिलजवळ बसलेल्या सुजिनच्या मनगटाला चटका बसतो. जिहून टेबलापलीकडून विचारतो, लागलं का? ती सवयीने म्हणते, "ग्वेन्चानायो." सगळे पुन्हा खायला वळतात. तो वळत नाही. बर्फाचा पेला तिच्याकडे सरकवतो आणि तिला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू विचारतो, "यातलं कुठलं?"